कठीण विज्ञानपरीक्षेचे गुणदान : वाढीव गुण द्यावेत, की पेपरच पुन्हा तपासावा?

लंबक

मी माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात ५० गुणांची, दोन तासांची लेखी परीक्षा घेतली. पेपर मीच काढला होता आणि तो मुद्दाम थोडा कठीण ठेवला होता, कारण केवळ सूत्रात आकडे भरून सुटणाऱ्या प्रश्नांतून मुलांना काय समजले आहे हे मला कळत नाही. निकाल मात्र मी धरला होता त्यापेक्षा फार खाली आला. ३४ मुलांची सरासरी १९ आहे आणि सर्वाधिक गुण ४३ आहेत. उत्तीर्णतेची रेषा २० गुणांवर असल्यामुळे १८ मुले अनुत्तीर्ण ठरत आहेत.

सहकाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे असे की सर्वांना सरसकट ७ गुण वाढवून द्यावेत आणि विषय संपवावा. दुसरे काही म्हणतात की पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा नव्हता, तेव्हा मिळाले तेवढे गुण खरे. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. ज्या मुलाने ४३ मिळवले त्याच्यावर अन्याय होऊ नये, आणि ज्या मुलीने मनापासून अभ्यास करून १८ मिळवले तिला 'तुला विज्ञान येत नाही' असेही माझ्या लाल शाईने सांगितले जाऊ नये. अशा वेळी न्याय्य गुणदान कसे करावे? ज्यांनी हा प्रसंग निभावला आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. उत्तरपत्रिका अजून मुलांच्या हातात दिलेल्या नाहीत.

शाईपेन

मिळाले तेवढे गुण खरे, या मताचा मी आहे. गुण वाटायचे नसतात, मिळवायचे असतात.

दुर्बीण

लंबक, मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. तुम्ही आम्हाला सरासरी सांगितलीत, पण कोणता प्रश्न पडला हे सांगितले नाहीत. पेपर कठीण होता हे वाक्य जोवर प्रश्नवार फोडले जात नाही, तोवर त्यावर कोणताही उपाय अंदाजानेच करावा लागतो. प्रश्न कठीण असण्याची कारणे वेगवेगळी असतात. विषयच खोल असतो, हे एक. वाक्यरचना अशी असते की काय विचारले आहे हेच कळत नाही, हे दुसरे. आणि प्रश्न बरा असूनही तिथवर पोहोचायला वेळच उरत नाही, हे तिसरे. यांतले पहिले काठिण्य मुलाचे मोजमाप करते, आणि उरलेली दोन पेपर काढणाऱ्याचे.

एक तक्ता करा. एकूण गुणांनुसार उत्तरपत्रिका लावा, वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के वेगळ्या काढा. (हा २७ टक्क्यांचा आकडा मानसशास्त्रज्ञ ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये सुचवला आणि तो आजही वापरात आहे.) तुमच्या वर्गात दोन्हीकडे नऊ-नऊ मुले येतील. प्रत्येक प्रश्न वरच्या नवांपैकी किती जणांना आला आणि खालच्या नवांपैकी किती जणांना आला, ते लिहा. फरकाला नवाने भागले की त्या प्रश्नाची भेदनक्षमता, म्हणजे विषय समजलेल्या आणि न समजलेल्या मुलांना वेगळे ओळखण्याची ताकद, मिळते. ती ०.४ च्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल तर प्रश्न कठीण असला तरी चांगला आहे. शून्याजवळ किंवा ऋण आली तर मुलांकडे बोट दाखवण्याआधी तो प्रश्न पुन्हा वाचा.

ओंजळ

मी पालक म्हणून लिहिते आहे. माझ्या मुलीला अशाच एका परीक्षेत १४ गुण मिळाले होते. ती रडली नाही, पण त्यानंतर तिने शिक्षकांना वर्गात शंका विचारणे बंद केले. उत्तरपत्रिका पाहिली तेव्हा माझ्या लक्षात आले की चार ठिकाणी फक्त एक फुली होती. कुठे चुकले, कुठपर्यंत बरोबर होते, याची एकही खूण नव्हती. ७ गुण वाढवून मिळाले असते तरी त्या फुल्या तशाच राहिल्या असत्या. आम्हाला आकड्यापेक्षा तो आकडा कसा आला हे कळायला हवे होते.

अपूर्णांक

वाढीव गुणांचा विषय निघालाच आहे तर त्याच्या पद्धती आकड्यांत मांडून पाहू, कारण 'थोडे गुण वाढवून द्या' असे म्हणताना ते कोणाच्या वाट्याला जातात याचा विचार बहुधा होत नाही.

सरसकट ७ गुण दिले तर १९ चे २६ होतात, पण कोरी उत्तरपत्रिका देणाऱ्यालाही ७ मिळतात. मुलांमधले अंतर जसेच्या तसे राहते, त्यामुळे या पद्धतीत मोठा अन्याय नाही आणि मोठा न्यायही नाही.

सर्वाधिक गुणांना पूर्ण गुण धरून त्या प्रमाणात सर्वांचे वाढवले, म्हणजे ४३ चे ५० केले, तर १२ चे जेमतेम १४ होतात आणि ३६ चे जवळपास ४२. ज्याला गरज कमी त्याला जास्त मिळते. शिवाय सगळ्या वर्गाचे गुण त्या एका मुलावर टांगलेले राहतात. तो परीक्षेच्या दिवशी आजारी पडला असता तर सगळ्यांचे गुण बदलले असते.

वर्गमुळाची पद्धतही काही ठिकाणी वापरतात : टक्केवारीचे वर्गमूळ काढून दहाने गुणायचे. ३६ टक्क्यांचे ६० होतात, ४९ चे ७०, ६४ चे ८० आणि ८१ चे ९०. ३६ वाल्याला २४ मिळाले, ८१ वाल्याला ९. क्रम बदलत नाही, खालच्यांना आधार मिळतो आणि शंभराच्या वर कोणी जात नाही. पण वर्गमूळच का, घनमूळ का नाही, याला उत्तर नाही. निकाल बरा दिसतो एवढेच त्याचे समर्थन आहे, आणि विज्ञानाच्या शिक्षकाने असे समर्थन स्वीकारू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला घंटाकृती वक्र, म्हणजे मुलांच्या क्रमवारीवरून श्रेणी वाटणे. हजारो मुलांच्या परीक्षेत त्याला काही अर्थ असू शकतो. ३४ मुलांच्या वर्गात ठरावीक टक्क्यांना वरची श्रेणी आणि ठरावीक टक्क्यांना खालची, असे आधीच ठरवणे म्हणजे मापाआधी निकाल लावणे होय.

कर्कटक

वक्राबद्दल अपूर्णांक यांनी लिहिले आहे त्यात विद्यार्थ्याच्या बाजूने भर घालतो. मी आता अभियांत्रिकीला आहे. शाळेत एक वर्ष आम्हाला अशीच क्रमवारीवर श्रेणी मिळत असे. त्याआधी आम्ही सहा जण परीक्षेच्या आदल्या दिवशी एकत्र बसून उदाहरणे सोडवायचो. ती पद्धत सुरू झाल्यावर दोन महिन्यांत तो गट मोडला. कोणी कोणाशी भांडले नाही, पण मित्राला समजावून सांगितलेले प्रत्येक उदाहरण आपल्या श्रेणीवर येते हे सगळ्यांना समजले होते.

पण मला मुख्यतः पायऱ्यांच्या गुणांबद्दल लिहायचे आहे, कारण ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. प्रश्न असा होता : बंद पात्रातील वायूचे तापमान २७ अंश सेल्सिअसवरून १२७ अंशांपर्यंत वाढवले. (अ) दाब किती पट होईल? (आ) पात्र मूळ दाबाच्या तिप्पट दाब सहन करू शकते, तर ते सुरक्षित राहील का, कारण द्या. मी केल्विनमध्ये रूपांतर करायला, म्हणजे दोन्ही तापमानांत २७३ मिळवायला, विसरलो आणि १२७ भागिले २७ करून दाब ४.७ पट होतो असे लिहिले. मग (आ) मध्ये लिहिले की ४.७ हे ३ पेक्षा जास्त असल्यामुळे पात्र फुटेल, आणि बंद पात्रात आकारमान स्थिर असल्यामुळे सगळा परिणाम दाबावरच का होतो याचेही कारण दिले. मला आठपैकी शून्य मिळाले. एका विसरलेल्या २७३ साठी आठ गुण गेले. तीच चूक माझ्याकडून दोनदा वसूल केली गेली, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

शाईपेन

कर्कटक, तुमचे दुःख समजते, पण मी असहमत आहे. केल्विन न वापरणे ही बेरजेतली चूक नाही. वायूच्या नियमात निरपेक्ष तापमान का लागते, हाच त्या धड्याचा गाभा आहे. सेल्सिअसने चालले असते तर शून्य अंशाला, म्हणजे पाणी गोठते त्या तापमानाला, वायूचा दाब शून्य झाला असता आणि गारठ्यात सायकलचे टायर सपाट पडले असते. हा विचार ज्याने केला नाही त्याला गुण का द्यावेत? आणि तापमान केवळ १०० अंशांनी वाढल्यावर दाब जवळपास पाचपट होतो, या उत्तराने तुम्हाला थांबवायला हवे होते. उत्तर संभवनीय आहे का, हे पाहणे हाही विज्ञानाचाच भाग आहे.

कर्कटक

टायरचा मुद्दा मान्य. (अ) चे गुण जायलाच हवे होते. माझा आक्षेप (आ) पुरता आहे. तिथे दोन दाबांची तुलना आणि कारणमीमांसा विचारली होती, आणि ती मी केली होती. एखाद्या मुलाने (अ) मध्ये अंदाजे काहीतरी लिहून (आ) कोरे सोडले असते तर त्यालाही शून्यच मिळाले असते. मग माझ्यात आणि त्याच्यात काहीच फरक नव्हता असे ती गुणसंख्या सांगते, आणि ते खरे नाही.

दुर्बीण

इथे मला कर्कटक यांची बाजू घ्यावीशी वाटते, आणि शाईपेन यांचा मुद्दाही सोडवत नाही. चूक पुढच्या पायरीत गेली आणि पुढची रीत बरोबर असली तर पुढचे गुण द्यायचे, हा संकेत अनेक देशांतील विज्ञानाच्या परीक्षांमध्ये पाळला जातो, आणि तो योग्य आहे. अपवाद एवढाच, की त्या चुकीमुळे पुढचा प्रश्न सोपा झाला असेल किंवा उत्तर उघड अशक्य येऊनही विद्यार्थ्याने ते तसेच स्वीकारले असेल, तर एखादा गुण राखून ठेवावा. मी स्वतः अशा ठिकाणी चारपैकी तीन देत असे. मात्र हे आदर्श उत्तरपत्रिकेत पेपर तपासण्याआधी लिहिलेले असले पाहिजे. एका मुलाला दया म्हणून आणि दुसऱ्याला नियम म्हणून, असे झाले की न्याय संपला.

मृगजळ

लंबक, पेपर किती कठीण होता याआधी एक विचारतो. तपासला कसा? एकेक उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, की सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा?

विचारण्याचे कारण असे. मी बरीच वर्षे पहिल्या पद्धतीने तपासत आलो. एकदा एका मुलीची उत्तरपत्रिका नजरचुकीने दोनदा तपासली गेली, एकदा गठ्ठ्याच्या सुरुवातीला आणि तिने पुरवणी वेगळी जोडली असल्यामुळे पुन्हा गठ्ठ्याच्या शेवटी. परावर्तनाच्या त्याच आकृतीला मी रात्री नऊ वाजता दोन गुण दिले होते आणि साडेअकराला चार. आकृतीतले किरण तेच, बाणांच्या खुणा त्याच, आपाती बिंदूवरचा लंबही तोच. मधल्या अडीच तासांत वाईट आकृत्या पाहून पाहून माझी मोजपट्टी सैल झाली होती. त्या रात्री मी झोपू शकलो नाही, कारण बाकी तीस मुलांच्या उत्तरपत्रिका दोनदा तपासल्या गेल्या नव्हत्या.

स्टार्च आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या आणि १९१३ मध्ये भूमितीच्या उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या होत्या. भूमितीत तरी मतभेद कमी असतील असे कोणालाही वाटेल. पण भूमितीच्या एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी तीसच्या खालपासून नव्वदच्या वरपर्यंत गुण पडले. कोणी अंतिम उत्तराला महत्त्व दिले, कोणी रीतीला, कोणी टापटिपीला. विज्ञानाचा पेपर वस्तुनिष्ठ असतो ही आपली समजूत बरीचशी बहुपर्यायी प्रश्नांपुरती खरी आहे.

शिवाय पहिले उत्तर सुंदर असले की पुढच्या उत्तरांकडे आपण प्रेमाने पाहतो. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये या प्रभावळीच्या परिणामाविषयी लिहिले, तेही लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांचे केलेले मूल्यमापन पाहून. प्रश्नवार तपासणी आणि नावाचा कोपरा दुमडून ठेवणे, या दोन सवयींनी हा दोष पूर्ण जात नसला तरी बराच कमी होतो.

साधी_रेघ

मृगजळ यांच्याशी पूर्ण सहमत. नावाचा कोपरा मीही दुमडते.

लंबक

सर्वांचे आभार. मृगजळ, मी प्रश्नवारच तपासले होते, पण एकाच बैठकीत नाही. दुर्बीण मॅडम, तुमच्या सांगण्याप्रमाणे काल रात्री तक्ता केला आणि जे दिसले ते लपवून ठेवण्यासारखे नाही, म्हणून इथे जसेच्या तसे लिहितो.

पाचवा प्रश्न वायूचाच होता (कर्कटक यांच्या प्रश्नाशी साम्य योगायोगाचे आहे). वरच्या नवांपैकी ७ जणांना आला, खालच्या नवांपैकी एकाला. भेदनक्षमता ०.६७. म्हणजे प्रश्न कठीण असला तरी योग्य होता.

सहावा प्रश्न १० गुणांचा होता आणि ३४ पैकी १९ मुलांनी तो कोराच सोडला. त्या १९ मध्ये वरच्या गटातलेही तिघे आहेत.

आणि दुसरा प्रश्न, ४ गुणांचा. मी लिहिले होते : 'घर्षणरहित आडव्या पृष्ठभागावरील ठोकळ्याचे वजन ५० आहे. त्यावर १०० न्यूटन आडवे बल लावले तर त्वरण किती?' एकक लिहायचे माझ्याकडून राहून गेले. माझ्या मनात ५० किलोग्रॅम होते आणि उत्तर २ मीटर प्रति सेकंद वर्ग. वरच्या नवांपैकी ते फक्त दोघांना आले, खालच्या नवांपैकी तिघांना. भेदनक्षमता वजा ०.११. उत्तरपत्रिका पुन्हा काढून पाहिल्या तेव्हा कळले की वरच्या गटातल्या सहा मुलांनी २० असे उत्तर लिहिले आहे आणि मी त्यावर फुली मारली आहे. त्यांतल्या एका मुलीने समासात बारीक अक्षरात लिहिले होते : 'वजन म्हणजे बल, म्हणून ५० न्यूटन. गुरुत्व त्वरण १० धरले. म्हणून वस्तुमान ५ किलोग्रॅम.' वजन आणि वस्तुमान यांतला फरक मीच तीन तासिका घेऊन शिकवला होता. ज्यांनी तो लक्षात ठेवला त्यांचेच गुण मी कापले.

ओंजळ

हे प्रामाणिकपणे लिहिल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. समासातली ती ओळ वाचून मला माझ्या मुलीची उत्तरपत्रिका आठवली.

अपूर्णांक

लंबक, आता तुमच्यापुढचा प्रश्न पुष्कळ स्पष्ट झाला आहे. दुसऱ्या प्रश्नाबाबत तीन वाटा आहेत. प्रश्न रद्द करून पेपर ४६ गुणांचा धरता येईल, पण मग ज्यांनी विचार करून बरोबर उत्तर काढले त्यांचे कष्ट वाया जातात. सर्वांना पूर्ण ४ गुण देता येतील, पण मग ज्याने काहीच लिहिले नाही तोही त्या मुलीच्या बरोबरीला येतो. किंवा २ आणि २० ही दोन्ही उत्तरे, रीत दाखवलेली असल्यास, बरोबर धरता येतील. मी तिसरी निवडेन. तो बदल करून भेदनक्षमता पुन्हा काढा. ती सुधारली तर दोष प्रश्नाच्या शब्दांत होता याला दुजोरा मिळेल.

आणखी एक गोष्ट, उत्तीर्णतेच्या रेषेबद्दल. कोणत्याही परीक्षेतल्या गुणांना अनिश्चितता असते. संख्याशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८८ मध्येच परीक्षांच्या गुणांतील अनिश्चिततेचा संख्याशास्त्रीय विचार मांडला होता. समजा तुमच्या गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ८ आहे आणि पेपरची विश्वासार्हता, म्हणजे पुन्हा घेतल्यास तसेच गुण येण्याची खात्री (० ते १ मध्ये), ०.७५ आहे. तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एका मुलाचे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतात ते, ८ गुणिले (१ वजा ०.७५, म्हणजे ०.२५) चे वर्गमूळ, म्हणजे ४ गुण येते. अशा पेपरवरून १८ गुणांचा मुलगा २१ गुणांच्या मुलीपेक्षा कमी जाणतो असे ठामपणे म्हणता येत नाही. प्रयोगशाळेत मुलाने मोजमापाबरोबर त्रुटी लिहिली नाही तर आपण गुण कापतो. आपण स्वतः मात्र गुण लिहिताना ती कधीच लिहीत नाही.

शाईपेन

दुसऱ्या प्रश्नाबाबत मी माझे मत बदलतो. प्रश्नच सदोष असेल तर मिळाले तेवढे गुण खरे असे म्हणता येणार नाही. पण उत्तीर्णतेची रेषा निकाल पाहून खाली आणू नका. ती एकदा सरकली की दर वेळी सरकते, आणि पुढच्या वर्षी त्याच मुलांना त्याच पायावर पुढचा धडा शिकायचा असतो.

दुर्बीण

शाईपेन, रेषा निकाल पाहून सरकवू नये हे खरेच आहे. पण २० हा आकडा कुठून आला, हेही विचारायला हवे. पेपर सोपा असो वा कठीण, रेषा तीच, हा नियम सोयीचा आहे, न्याय्य नाही. सोप्या पेपरात २० मिळवणारा आणि या पेपरात २० मिळवणारा, यांची समज सारखी नसते.

यावर परीक्षापद्धतींचे अभ्यासक विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे. त्यांनी १९७१ मध्ये तिचे वर्णन केले. विषय जाणणाऱ्या शिक्षकांना पेपर द्यायचा, गुण दाखवायचे नाहीत, आणि विचारायचे : जो विद्यार्थी जेमतेम उत्तीर्ण व्हायला हवा, ज्याला पुढच्या धड्यापुरते येते पण त्याहून फार नाही, असा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. त्याला प्रत्येक प्रश्नात किती गुण मिळतील? त्या अंदाजांची बेरीज आणि मग सर्व शिक्षकांची सरासरी, ही त्या पेपरची रेषा. ती मुलांच्या क्रमवारीवरून ठरत नाही, त्यामुळे सगळे उत्तीर्ण होऊ शकतात आणि सगळे अनुत्तीर्णही. खरे म्हणजे हे परीक्षेआधी करायचे असते. आता उशीर झाला असला तरी ज्यांनी निकाल पाहिलेला नाही अशा सहकाऱ्यांकडून करून घेता येईल.

शाईपेन

निकाल न पाहिलेल्यांकडून करून घेणार असाल तर माझी हरकत नाही.

मृगजळ

कोऱ्या राहिलेल्या सहाव्या प्रश्नाकडे आपले दुर्लक्ष होते आहे. १९ मुलांनी तो सोडला, त्यांना तो येत होता की नव्हता हे आपल्याला माहीतच नाही. कोरी जागा अज्ञान दाखवत नाही आणि ज्ञानही दाखवत नाही. तिथे शून्य लिहिले की आपण नसलेली माहिती असल्यासारखी नोंदवतो. पेपर आपण स्वतः सोडवून पाहिला आणि लागलेल्या वेळेच्या तिप्पट मुलांना दिला, तर असे सहसा होत नाही. लंबक, तुम्हाला किती वेळ लागला होता?

लंबक

मी लिहून सोडवून पाहिला नव्हता. मनातल्या मनात पाहिला होता. काल घड्याळ लावून लिहिला, तर ५५ मिनिटे लागली.

मृगजळ

मग तुमच्याच मुलांना पावणेतीन तास हवे होते.

साधी_रेघ

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. कठीण म्हणजे लांबलचक गणित, असे आपण धरून चालतो. भौतिकशास्त्रज्ञ हेस्टेनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनांवर एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाही. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा लांब उदाहरणे सोडवणारे विद्यार्थीही साध्या दिसणाऱ्या प्रश्नांत अडखळले. जड ट्रक हलक्या मोटारीला धडकला तर कोणावरचे बल जास्त, अशा प्रकारचे प्रश्न. दोन्ही बले समान, हे न्यूटनचा तिसरा नियम पाठ असणाऱ्यांनाही तिथे सुचत नाही. पुढच्या वेळी पाचव्या-सहाव्या प्रश्नाची लांबी कमी करून असे दोन प्रश्न घातलेत, तर पेपर तेवढाच कठीण राहील आणि वेळही पुरेल. तपासताना मतभेदही कमी होतील, कारण कारणमीमांसेच्या दोन वाक्यांसाठी निकष लिहिणे दोन पानांच्या गणितापेक्षा सोपे असते.

कर्कटक

साधी_रेघ, ट्रकचा प्रश्न मला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी विचारला गेला आणि मी चुकलो होतो. त्याआधीच्या परीक्षेत मला बलाच्या उदाहरणांत पूर्ण गुण होते.

लंबक सर, एक विचारू का? पाचव्या प्रश्नात केल्विन विसरलेली मुले तुमच्याही वर्गात असतील. त्यांचे काय केलेत?

लंबक

आज सगळे पूर्ण झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

सरसकट ७ गुण द्यायचे नाहीत असे ठरवले. त्याऐवजी दुसऱ्या प्रश्नात २ आणि २० ही दोन्ही उत्तरे बरोबर धरली. ११ मुलांचे प्रत्येकी ४ गुण वाढले. सरासरी त्यामुळे जेमतेम सव्वा गुणाने वर गेली, पण भेदनक्षमता वजा ०.११ वरून ०.४४ वर आली, कारण आता वरच्या नवांपैकी ८ आणि खालच्या नवांपैकी ४ जण बरोबर ठरतात. ४३ गुणांचा मुलगाही त्या ११ मध्ये होता. त्याचे ४७ झाले.

पाचव्या प्रश्नात पाच मुले केल्विन विसरली होती. त्यांतल्या तिघांनी पुढची कारणमीमांसा नीट केली होती. त्यांना दुर्बीण मॅडमच्या पद्धतीने चारपैकी तीन दिले आणि शाईपेन यांचे टायरचे वाक्य उत्तराखाली लिहिले. पुढच्या वेळी हा नियम प्रश्नपत्रिकेवरच छापणार आहे.

रेषेसाठी दोन सहकाऱ्यांना निकाल न दाखवता पेपर दिला. त्यांचे अंदाज १५ आणि १७ आले. माझा १६ आला, पण मी निकाल पाहिलेला असल्यामुळे तो धरला नाही. सरासरी तरीही १६ च. मुख्याध्यापकांना तिघांचे तक्ते आणि भेदनक्षमतेचे आकडे दाखवले. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि संमती दिली. आता रेषेखाली ९ मुले आहेत. त्यांना खरोखरच पुन्हा शिकवायला हवे आहे, आणि कोणाला काय शिकवायचे हे तक्त्यावरून मला कळते आहे.

सहाव्या प्रश्नाबाबत मृगजळ यांचे पटले. ज्या १९ जणांनी तो सोडला, त्यांना त्याच धड्यावरचा तेवढ्याच काठिण्यपातळीचा दुसरा प्रश्न शुक्रवारी २५ मिनिटे देऊन सोडवायला देणार आहे. ज्यांनी परीक्षेत घाईघाईने सोडवला त्या १५ जणांनाही तो पुन्हा सोडवण्याची मुभा राहील आणि दोनपैकी जास्त गुण धरले जातील.

शाईपेन

१५ जणांनाही मुभा दिलीत हे फार बरे केलेत. तेवढेच विचारणार होतो.

ओंजळ

आणि समासात लिहिणाऱ्या त्या मुलीला काय सांगितलेत?

लंबक

तिची फुली खोडून त्याखाली लिहिले : 'तुझे बरोबर आहे. प्रश्नात एकक लिहायचे माझ्याकडून राहिले.' उत्तरपत्रिका उद्या पहिल्या तासिकेला वाटणार आहे.